वेल्सला कॉलनीचा जाहीर पाठिंबा

साहेब, तुम्ही एक जिवंत बाई खोडलीत. चोरूनमारून नाही, भर दुपारी, कारण लिहून, खाली तारीख-वेळ टाकून खोडलीत. ज्ञान सगळ्यांसाठी खुलं आहे अशी दारावर पाटी लावता, आणि आत आलेल्या माणसाला सांगता की तू तू नाहीसच, तू शेजारचा आहेस. तुमचं नाव इथे घेत नाही. घ्यायचं तरी कुठलं? तुम्ही स्वतःच टोपणनावानं बसलेले. टोपणनावाआडून दुसऱ्याला ‘खरं सांगा, तुम्ही कोण?’ असं दरडावायचं, याला तुमच्यात तटस्थता म्हणतात असं ऐकलं.

तर झालं ते असं.

मल्हारी दोंदे ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाले. नाशकात पेठ रोडला त्यांची कॉलनी. रिटायर झालेली माणसं सहसा सकाळी फिरतात, दुपारी झोपतात आणि संध्याकाळी सुनांना नावं ठेवतात. दोंद्यांना सून नव्हती, एकच मुलगी तेजल, ती बँकेत. त्यामुळे संध्याकाळ मोकळी पडली आणि ते इंटरनेटवरच्या त्या मोफत ज्ञानकोशाच्या नादी लागले. कोणीही घरबसल्या लेख लिहावा आणि कोणीही घरबसल्या तो उडवावा, अशी ती सोय.

पहिला लेख त्यांनी बायकोच्या माहेरावर लिहिला. चांगुणाबाईंचं माहेर इगतपुरीकडचं. आता ते गाव नाही. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, पाणी मुंबईला गेलं. दोंद्यांनी मन लावून लिहिलं. विहीर कुठे होती, भाताची खाचरं कुठे, बौद्धवाडा कुठे आणि पाणी वरच्या आळीच्या आधी तिथे कसं शिरलं. दुसऱ्या दिवशी लेख गायब. शेरा होता, ‘उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. विश्वासार्ह संदर्भ द्यावेत.’

दोंद्यांनी उत्तर दिलं, ‘संदर्भ पाण्याखाली आहेत.’

त्यावर साहेबांनी, म्हणजे लेख ठेवायचे की उडवायचे हे ठरवणाऱ्या तिथल्या प्रचालकांनी, कळवलं, ‘कृपया विनोद करू नये.’

आता हा विनोद कसा, हे दोंद्यांना कळेना. ते इरेला पेटले. जगात बुडालेली गावं उल्लेखनीय असतात की नसतात याचा शोध घेत घेत ते थेट वेल्सला जाऊन पोचले. तिथे कापेल केलिन नावाचं एक गाव. लिव्हरपूल शहराला पाणी पाहिजे म्हणून साठेक वर्षांपूर्वी बुडवलं. लिव्हरपूल वेल्समध्ये नाही, इंग्लंडमध्ये आहे. म्हणजे गाव यांचं, तहान त्यांची. दोंदे खुर्चीत ताठ बसले. त्यांनी त्या गावावर मराठीत लेख लिहिला आणि तो टिकला! कोणी बोटसुद्धा लावलं नाही. इगतपुरीचं बुडालेलं गाव उल्लेखनीय नाही, वेल्सचं आहे. बरं, तर मग वेल्स.

त्यांनी तो लेख बायकोला वाचून दाखवला. चांगुणाबाई शेंगा फोडत होत्या.

“मढी काय केली त्यांनी?” त्यांनी विचारलं.

“कसली मढी?”

“पुरलेली. चर्चच्या मागं माती दिलेली असंल ना माणसांना. आमच्या गावात माझी आजी राह्यली खाली.”

दोंद्यांनी दोन दिवस शोधलं. काही मढी उकरून दुसरीकडे नेली होती, बाकीची तिथेच राहिली, वर काँक्रीट घातलं. ते वाक्य लेखात गेलं. तेव्हापासून तो लेख दोंद्यांच्या नावावर असला तरी घरात त्याला ‘आईचं गाव’ म्हणत.

मग त्यांना थांबवणं कोणाच्या हातात राहिलं नाही. वेल्सच्या नद्या झाल्या, कोळशाच्या खाणी झाल्या, पाऊस झाला. रग्बीवर तर चार लेख झाले. त्या खेळात चेंडू पुढे पळत नेऊन मागे का फेकतात, हे दोंद्यांना आजतागायत कळलेलं नाही, पण लेख तटस्थ आहेत.

गाडी अडली ती मुख्य लेखाच्या पहिल्या ओळीवर. तिथे होतं, ‘वेल्स हा ब्रिटनचा एक भाग आहे.’ दोंद्यांनी केलं, ‘वेल्स हा एक देश आहे.’ साहेबांनी उलटवलं. दोंद्यांनी पुन्हा देश केला. साहेबांनी पुन्हा भाग. तिसऱ्या खेपेला दोंद्यांना ताकीद आली की आपण संपादनयुद्ध करत आहात. आयुष्यभर कारखान्यात लढाऊ विमानांना हात लावून ज्या माणसानं घरी कधी झुरळ मारलं नाही, त्याच्यावर युद्धाचा आरोप! 

मग चर्चा लागली. रविवारपर्यंत सदस्यांनी मत द्यावं, सहमत की विरोध, कारणासह. सदस्य येऊन येऊन आले किती, तर तिघे. तिघेही साहेबांच्या बाजूचे. एकानं लिहिलं, ‘स्वतंत्र सैन्य नाही तो देश नाही.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘असे लाड केले तर उद्या प्रत्येक जण वेगळी ओळख मागेल.’ हे दुसरं वाक्य दोंद्यांनी चष्मा पुसून परत वाचलं. त्यांना ते ओळखीचं वाटलं. वेल्सच्या संदर्भात नव्हे.

संध्याकाळी पारावर त्यांनी हे प्रफुल्ल उन्हवण्यांच्या कानावर घातलं. उन्हवणे तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. जगातलं कुठलंही काम कुठल्या टेबलावर अडतं हे त्यांना नुसत्या वासानं कळतं, असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

“दोंदेभाऊ, तुमची केस मजबूत आहे,” उन्हवणे म्हणाले. “पाठीमागे माणसं नाहीत, एवढीच अडचण. नळाच्या वेळी आपण काय केलं?”

“सह्या.”

“दिव्याच्या वेळी?”

“सह्या.”

“मग वेल्सनं काय घोडं मारलंय?”

या कॉलनीची कामाची पद्धत सांगायला पाहिजे, कारण घात तिनंच केला. इथे एकट्या माणसाचं काम नसतंच. एकाच्या घरात पाणी आलं नाही तरी निवेदनावर सगळी कॉलनी सही करते. मजकूर एक जण काढतो, बाकीचे अंगठ्यापासून इंग्रजी सहीपर्यंत काय जमेल ते करतात. असं केल्याशिवाय या लोकांना आजवर कुठल्या कचेरीनं ओळख दिली असेल तर दाखवा.

रविवारी विहारात वंदना झाली आणि उन्हवण्यांनी जाहीर केलं की कोणी जायचं नाही, वेल्सचा प्रश्न आहे. विहाराला लागून अभ्यासिका, तिथे एक संगणक आणि एक वायफाय. उन्हवणे संगणकासमोर बसले, त्यांच्यापुढे रांग लागली. एकेकाचं खातं उघडायचं, नमुना मजकूर चिकटवायचा, खाली नाव. मजकूर असा: ‘वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की वेल्स हा देश असून त्यास आमचा जाहीर पाठिंबा आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती. जय भीम. प्रत माहितीस्तव: मा. जिल्हाधिकारी, नाशिक.’

“जिल्हाधिकारी कशाला?” तेजलनं विचारलं.

“असू दे. वजन पडतं.”

पंचवटीत भाजी विकणाऱ्या सगुणाबाईंची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, “मी पाठिंबा देते, पण त्यात आमच्या गल्लीच्या गटारीचं बी टाका.”

“सगुणाबाई, हे वेल्सचं आहे.”

“मग काय झालं? त्यांच्या देशासाठी मी येते, माझ्या गटारीसाठी त्यांनी यायला नको?”

यात तर्क होता. गटार टाकली.

सगळ्यात शेवटी चांगुणाबाई उठल्या. दोंद्यांनी कौतुकानं खुर्ची पुढे केली. त्या म्हणाल्या, “नमुना नको. माझं मी बोलते,” आणि मोबाइल तोंडाशी धरून, बोललेलं आपोआप टाइप होतं त्या सोयीनं, त्यांनी स्वतःच्या खात्यावर मत टाकलं:

‘विरोध. वेल्स देश हाय का भाग हाय हे मल्हारी दोंदे यांनी ठरवू नये आन साहेबांनी बी ठरवू नये. दोघं बी तिकडं गेलेले नाय. मल्हारी दोंदे बाजूच्या म्हसरूळला गेले तरी रस्ता चुकतात. माझी मुलगी सांगते की तिकडच्या शिरगणतीत माणसाला ईचारतात, तू सोताला कोण समजतो. वेल्श म्हण, ब्रिटिश म्हण, दोन्हीवर खूण कर. तर तिथली माणसं काय म्हणतात ते पहिल्या ओळीत लिवा. जय भीम.’

 उन्हवण्यांनी घसा साफ केला.

“वहिनी, हे विरोधात गेलं.”

“मग? विरोध लिवलाय ना वरती.”

“अगं, घरचं मत!” दोंदे म्हणाले. घरी जाताना ते चार पावलं पुढे चालत होते, आणि पुढे चालताना मागे किती अंतर राहिलंय हे दर वळणावर बघत होते.

सोमवारी दुपारी बॉम्ब पडला. दोंद्यांचं खातं बंद. उन्हवण्यांचं बंद. सगुणाबाईंचं, तेजलचं, रांगेतल्या एकूण एक माणसाचं बंद. सगळ्यांच्या पानावर पाटी लागली, ‘हे सदस्य मल्हारी दोंदे यांचे कळसूत्री खाते आहे.’ म्हणजे बाहुल्या सगळ्या, दोरी दोंद्यांच्या हातात. खाली पुरावे दिलेले. सर्व खाती एकाच जोडणीवरून उघडली. मजकूर समान. आणि तिसरा पुरावा असा, ‘प्रत्येक मतात एकसारखे अभिवादन आढळते, ज्यावरून लेखक एकच व्यक्ती असल्याचे स्पष्ट होते.’

पहिले दोन पुरावे घ्या. एका वायफायवरून रांग लावणं नियमात बसत नसेल, मजकूर एक होता हेही खरं, चूक झाली. पण तिसरा? जय भीम म्हणणारा प्रत्येक माणूस मल्हारी दोंदे? एप्रिलच्या मिरवणुकीला नाशकात जेवढी माणसं रस्त्यावर येतात, ती सगळी एकट्या दोंद्यांची खाती? एवढ्यांना जेवायला तरी कोण घालतं?

पारावर त्या संध्याकाळी कोणी हसलं नाही, एक सगुणाबाई सोडून.

“म्हणजे मी बी दोंदेभाऊच का?” त्या म्हणाल्या. “मग माझा गुडघा दुखतो तो त्यांचाच दुखतोय. त्यांनीच चोळावा.”

उन्हवणे पांढरे पडले होते. “मी हेडक्लार्क होतो,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “माझ्या सहीशिवाय सातबारा हलत नव्हता. मी बाहुली?”

 आणि ती पाटी चांगुणाबाईंच्या पानावरही होती. ज्या बाईनं भर सभेत नवऱ्याच्या विरोधात मत दिलं, ती नवऱ्याची बाहुली ठरली होती. तिचं मत मधोमध रेघ मारून ठेवलं होतं. दिसत होतं, मोजत नव्हते.

आता दाद मागायची. बंद खात्याला स्वतःच्या पानावर तेवढं लिहिता येतं, आपल्याला झालेल्या शिक्षेबद्दल. उन्हवण्यांनी अपमान गिळला आणि कामाला लागले. दोंदे आणि चांगुणाबाई ही दोन वेगळी माणसं आहेत हे सिद्ध करायचं होतं. पहिल्यांदा लग्नाच्या नोंदणीचा दाखला जोडला. युक्तिवाद असा की एका माणसाचं त्याच्याशीच लग्न लागत नाही. उत्तर आलं, ‘वैयक्तिक कागदपत्रे चढवू नयेत. वगळले.’ मग उन्हवण्यांनी बँकेतून पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा नमुना आणवला आणि भरून चढवला. ‘संबंध नाही. वगळले.’ मग दोघांचा एकत्र फोटो, हातात त्या दिवशीचा पेपर, जसा पळवून नेलेल्या माणसाचा काढतात तसा. फोटोत दोघं इतकी रागावलेली होती की वेगळी आहेत यात कोणाला शंका राहू नये. ‘फोटोच्या प्रताधिकाराबाबत खुलासा करावा. तूर्त वगळले.’

“प्रताधिकार म्हणजे?” दोंद्यांनी विचारलं.

“म्हणजे या फोटोवर हक्क कोणाचा,” तेजल म्हणाली.

“माझ्या तोंडावर?”

“काढला उन्हवणेकाकांनी. म्हणजे त्यांचा.”

दोंदे तिथेच बसले. तोंड आपलं, हक्क उन्हवण्यांचा, मत खोडलेलं आणि वेल्स अजून भागच.

गुरुवारी साहेबांचा निरोप आला. भाषा मऊ होती, त्यामुळे जास्त भीती वाटली. ‘आपले योगदान लक्षात घेता सर्व खाती आपलीच असल्याची कबुली दिल्यास मूळ खाते ताकीद देऊन खुले करण्यात येईल. अन्यथा बंदी कायम राहील आणि आपण लिहिलेल्या वेल्सविषयक सर्व लेखांची विश्वासार्हता तपासून ते वगळण्याची प्रक्रिया सुरू होईल. मुदत रविवार.’

सर्व लेख म्हणजे नद्या, खाणी, रग्बी. आणि कापेल केलिन. आईचं गाव.

उन्हवणे ताबडतोब आले. चहासुद्धा नको म्हणाले, यावरून प्रसंग ओळखा. “दोंदेभाऊ, लिहून टाका. कचेरीत अशा कबुल्या मी रोज घ्यायचो. कोणी मनाला लावून घेत नाही.”

“म्हणजे तुम्ही म्हणजे मीच, असं लिहू?”

“मी सोसतो. लेख वाचतात ना? सगुणाबाईंना कोण सांगायला जातंय?”

“आणि ही?”

दोघांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. चांगुणाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दोंदे संगणकापुढे बसले. एका बोटानं टाइप करणारा माणूस. ‘वरील सर्व खाती माझीच’ एवढं झालं. ‘आहेत’ राहिलं. बोट हवेत थांबलं. तेजल बापाच्या पाठीमागे उभी होती. 

“लिवा की,” चांगुणाबाई म्हणाल्या. “थांबले कशाला?”

“तुझंच गाव वाचवतोय मी.”

“माझं गाव? त्यात मीच नाय मग ते कोणाचं गाव?”

“अगं, नुसता कागद आहे.”

“व्हय ना. मतदानाला बी कागदच असतो. दर बारीला बाहेर आल्यावर तुम्ही ईचारता, दिलं ना मी सांगितलं त्याला? मी म्हणते, व्हय. तुम्ही खूश.”

दोंद्यांनी खुर्ची फिरवली. “म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे?”

“म्हणजे तू... दिलं नाहीस?”

“माझं मला पटंल त्याला दिलं. दर बारीला.”

उन्हवणे उठून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. दोंद्यांच्या तोंडाचा रंग बघण्यासारखा झाला होता. एवढा संसार झाला, आपल्या घरात दोन मतं आहेत हे या माणसाला ठाऊकच नव्हतं. किती निवडणुका? महापालिकेच्या धरल्या तर? ते बोटं मोजायला लागले आणि मध्येच थांबले. काही काळ ते बायकोकडे असे बघत राहिले, जशी ती आत्ताच रिक्षातून उतरून पत्ता विचारत आली आहे.

“तेजलला ठाऊक होतं?” त्यांनी विचारलं.

तेजल म्हणाली, “पप्पा, मी पण.”

यावर माणूस काय करणार? दोंदे संगणकाकडे वळले. कबुली अजून पडद्यावर होती, एका शब्दानं अपुरी. मघाशी ती सोयीची थाप होती. आता ती थाप टाइप करायला बोट वळेना. त्यांनी अक्षर अक्षर मागे पुसत नेलं आणि नव्यानं लिहिलं:

‘इतर खाती माझी नाहीत. ज्याची त्याची आहेत. पैकी चांगुणा दोंदे या माझ्या विरोधात आहेत आणि फार पूर्वीपासून आहेत असे मला आजच समजले. कबुली देता येत नाही. लेखांचे काय करायचे ते करा. जय भीम.’

“जय भीम काढा,” उन्हवणे कॅलेंडरकडे तोंड करूनच म्हणाले. “पुरावा होतो.”

“होऊ द्या,” दोंदे म्हणाले आणि बटण दाबलं.

साहेबांनी मुदत पाळली. रविवार उलटला तशा पाट्या लागायला लागल्या. सगळ्यात आधी कापेल केलिनवर, ‘हा लेख वगळण्यासाठी नामांकित आहे.’ लिव्हरपूलनं त्या गावाला निदान पाणी पिण्यासाठी बुडवलं होतं. मुख्य लेखाची चर्चाही त्याच दिवशी बंद झाली. निकाल: भाग.

दोंदे अंगणात जाऊन बसले. घरात चांगुणाबाईंनी मोबाइल घेतला. त्यांच्या पानावर ती बाहुलीची पाटी अजून होती. तिच्या खाली त्या बोलल्या, आणि जे उमटलं ते आजही तिथे आहे, कोणी अजून खोडलेलं नाही. उत्तरही दिलेलं नाही. म्हणून इथे पुन्हा छापतो:

‘साहेब, मी चांगुणा. तुमच्या त्या चर्चेत नवऱ्याच्या विरोधात कॉलनीतली एकटी मीच बोलले व्हते. तुमच्या बी बाजूनं बोलले नव्हते. तुम्ही दोघांनी बी माझ्यावर राग धरला असता तर मी समजून घेतलं असतं. पण तुम्ही राग धरला नाय, मला पुसलंच. मला खातं नको. मला एकच सांगा. माझं मत चूक व्हतं म्हणून खोडलं, का माझं नव्हतं म्हणून खोडलं? चूक असंल तर कुठं चुकलं ते सांगा, मी भांडायला बसलेली हाय. आन माझं नव्हतं म्हणत असाल, तर जे मत माझ्या घरात कोणालाच नको व्हतं, ते मग कोणाचं व्हतं? मोघम नको. नियमाचा नंबर नको. उत्तर द्या.’